गुणाच्या दारातला शेंदरी दगड

बेळगावजवळच्या मच्छ्यात, कारखान्यांचे भोंगे ऐकू येतील एवढ्या अंतरावर, एका छपराखाली दोन घरं आहेत. वाटणीच्या वेळी सासऱ्यांनी मधोमध भिंत घातली. अलीकडे थोरली सून जयाबाई राहिली, पलीकडे धाकटी गुणाबाई. भिंत घालताना सासऱ्यांनी विटा वाचवल्या होत्या. त्यामुळे गुणाचा कुकर शिट्टीला आला की जयाबाईला कळायचं, मिक्सर फिरला की कळायचं, आणि नवी वस्तू घरात आली की नुसत्या खोकं फाडण्याच्या आवाजावरून ती काय असेल याचा अंदाज यायचा. मग जयाबाईचं पोट दुखायला लागायचं.

हे पोटदुखणं बोलण्यातलं नव्हे, खरोखरचं. बेंबीच्या जरा वर, डाव्या अंगाला. गुणाकडे फ्रिज आला तेव्हा दुखलं, स्कूटर आली तेव्हा दुखलं, आणि गुणाची आरोही बेळगावात बँकेत लागली त्या दिवशी तर जयाबाई ओवा चावत आडवी पडून होती. तिचा नवरा ज्योतिबा फाउंड्रीत कामाला, शांत माणूस. तो म्हणायचा, "अगं, आपल्या पोरालाबी काम लागलंच की." लागलं होतं, पण दुधाच्या टेम्पोवर. बँक ती बँक आणि टेम्पो तो टेम्पो, हे ज्योतिबाला कोण समजावणार?

या दुखण्यावर जयाबाईला एकच औषध ठाऊक होतं. जायचं, वस्तू बघायची आणि तिला नाव ठेवायचं. फ्रिजचं दार भिंतीकडे उघडतंय. स्कूटरचा रंग उन्हात विटणार. आरोहीच्या साखरपुड्याच्या साडीचा काठ उलटा विणलाय. एकदा खोट सापडली की पोट हलकं व्हायचं. गल्लीतल्या बायका नवी साडी पिशवीत दडवून तिच्या दारावरून जायच्या. पण एक गोष्ट कबूल करायला हवी, जयाबाई खोटं कधी बोलली नाही. निपाणीच्या माहेरी वयाच्या चौदाव्या वर्षी ती शिवणयंत्रावर बसली, तेव्हापासून कापडातला वाकडा धागा तिला लांबून दिसायचा. टेप सतत गळ्यात. तिनं काढलेली खोट त्या वस्तूत असायचीच. माणसांना राग यायचा तो त्याचाच.

तर अशा या जयाबाईच्या कानावर एक दिवस भिंतीतून आलं की गुणा तळ्याकाठी घर घेतेय.

गुणाचा नवरा रवळू लेथचं काम करायचा. स्वतःची एक छोटी शेड, दोन मशिनं. पण रवळूच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता, आणि आरोहीच्या डोक्यात असं आलं होतं की हायवेपासून आत एखादं पाण्याकाठचं घर घ्यावं, एक खोली शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यावी, उरलेल्यात आईबापांनी निवांत राहावं. असं घर सापडलंही. संकेश्वरच्या अलीकडे मरगाईचं तळं म्हणून आहे, त्याच्या काठावर. घर दाखवणारा शामू नावाचा निपाणीचा एक दलाल होता, बोटांत अंगठ्या आणि बोलणं तुपातलं. मच्छ्याची आपली अर्धी वाटणी आणि लेथची शेड, दोन्ही विकून ते घर घ्यायचं असं ठरलं. संचकार देऊन झाला, म्हणजे बयाणा गेला. दिवाळी झाली की खरेदी.

थोरल्या जावेला घर दाखवायला न्यायचं ही रीतच. नेलं.

पाऊस नुकताच ओसरला होता. तळ्याचं पाणी थेट घराच्या पायऱ्यांना लागलेलं. बसक्या कौलांचं घर, पुढे पडवी, तांबडी फरशी, समोर नुसतं पाणी आणि पाण्यापलीकडे ऊस. गुणानं चपला काढल्या, पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. शहाणीसुरती बाई, पण लहान पोरीसारखी पाय हलवत बसली. जयाबाईच्या पोटात तिथेच कळ आली.

"आक्का, बसा की हितं," गुणा म्हणाली.

"नको. पाणी गार असंल," जयाबाई म्हणाली, आणि औषध शोधायला आत गेली. कौलं बघितली, एकही फुटकं नाही. भिंतींवर बोटं फिरवली, ओल नाही. खिडक्या नीट लागत होत्या. चुलीपाशी उजेड होता. परत बाहेर आली. फाटक आणि घर यांच्या मधोमध, शामूनं मोटार लावली होती त्याच्या जरा पुढे, गुडघाभर उंचीचा एक दगड उभा होता. शेंदूर माखलेला, पुढे नारळाची करवंटी.

"ह्यो राखणदार," शामू हात जोडत म्हणाला. "लई जागृत स्थान हाय, बाई. पहिल्यापास्नं हाय. घराला कशाची म्हणून भीती न्हाय."

गुणानं ओल्या पायांनी येऊन दगडाला हळद-कुंकू वाहिलं. रवळूनं नमस्कार केला. जयाबाईला नमस्कार करावाच लागला, पण डोकं टेकवताना तिच्या मनात काय आलं ते देवानं ऐकलं असतं तर देव उठून गेला असता. पाणी गुणाच्या दारात, उजेड गुणाच्या चुलीवर, आता देवसुद्धा गुणाच्याच अंगणात! आणि आपल्या दारात काय, तर गटार आणि दुधाचा टेम्पो.

परतीच्या वाटेला लागली तरी घराला नाव ठेवता आलं नव्हतं. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं, आणि औषधाविना पोट काही राहीना.

पुढचे कितीतरी दिवस तिनं फक्त त्या घराचाच विचार केला. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांत एकीचा नवरा तालुक्याला सर्व्हे खात्यात होता, एकीचा दीर वकिलाकडे कारकून. जयाबाई माप घेता घेता विचारायची. उताऱ्यावर नाव असलं की झालं का गं? घराला जायची वाट कुणाच्या शेतातनं असंल तर? विकणाऱ्याच्या बहिणींनी सही दिली नसंल तर? गिऱ्हाइकांना वाटलं, ही स्वतःसाठी जागा घेतेय. तीही हो म्हणायची. असं करत करत तिला एवढं कळलं की घर बघताना भिंती बघून काही होत नाही, जमीन कुठे संपते ते बघावं लागतं. आणि ते आपण बघितलंच नव्हतं.

सरकारनं बायकांना बस फुकट केली आहे, तेव्हा मत्सराला तिकीटही पडत नाही. एका सकाळी जयाबाईनं आधार कार्ड घेतलं, ज्योतिबाला सांगितलं की संकेश्वरला अस्तराचं कापड बघायला जाते, आणि निघाली. गळ्यातला टेप काढायचाही राहिला.

तळ्यावर पोचली तर फाटक उघडंच. अंगणात एक म्हातारा उभा, डोक्याला मुंडासं, आणि त्यानं आपलं शेरडू बांधलेलं कशाला? देवाला! शेंदरी दगडाला दोरीचे दोन वेढे, आणि शेरडू करवंटीत तोंड घालून उभं.

जयाबाई सगळं विसरली. "अवो! देवाला शेरडू बांधतायसा? वयाची तरी लाज?"

म्हातारा वळला. आधी त्यानं तिच्याकडे बघितलं, मग टेपकडे, मग दगडाकडे, आणि खो खो हसायला लागला.

"देव कुठला, बाई? ह्यो तळ्याचा दगुड. तळं बांधलं तवा सरकारनं पुरलाय. असलं दगुड तळ्याच्या चौफेर हाईत. ह्याला दोन दिवाळीमागं शेंदूर लागला, घर बांधलं तवा. त्या दलालाच्या पोरांनीच फासला. तवापास्नं शहरातनं येणारं माणूस हात जोडतंय. आमचं शेरडू काय जोडत न्हाय."

म्हाताऱ्याचं नाव भरमू. त्याचं शेत तळ्यात गेलेलं. सरकारी दगड कशासाठी पुरतात, हे जयाबाईनं विचारलं आणि त्यानं हातवारे करून सांगितलं. तळं काठोकाठ भरलं की पाणी या दगडापर्यंत चढतं. दगडाच्या वरचं माणसाचं, दगडाच्या खालचं तळ्याचं.

जयाबाईनं वर बघितलं. दगडाच्या वर, फाटकाजवळ, मोटार लावायची तेवढी गवताची पट्टी. खाली बघितलं. खाली पडवी, तांबडी फरशी, कौलं, चूल, पायऱ्या. अख्खं घर.

"म्हंजे घर..."

"तळ्यात हाय की. पाऊस कमी झाला म्हणून कोरडं दिसतंय. तळं पुरतं भरलं तर पाणी पायरीवर न्हाय ऱ्हात, चुलीत शिरतंय. आनि पाटबंधारे खात्याचा मानूस आला तर पाण्याच्या आधीच घर जातंय."

"पर उतारा हाय म्हणं त्या दलालाकडं."

"असंल. त्या गवताच्या पट्टीचा असंल. ती खरंच इकायची हाय." भरमूनं मग पायऱ्यांच्या बाजूला बोट केलं. तिथून दगडांची एक ओळ सरळ पाण्यात उतरत गेली होती आणि पाण्याखालीही थोडी दिसत होती. "त्यो माझा बांध. खाली माझं शेत हाय. सरकारनं पैसं दिलं, जमीन त्येंची झाली, तक्रार न्हाय. पर उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की ज्याचं शेत बुडलं त्यानं गाळात पेरायचं, अशी रीत हाय आमच्यात. मी वाळकं लावतो. माझी बैलं ह्याच अंगणातनं खाली उतरत्यात. गेल्या साली भाड्यानं आलेली मानसं भांडली. मी म्हणलं, बाबांनो, तुमीच माझ्या शेताच्या वाटंवर चूल मांडलीय."

परतीच्या बसमध्ये जयाबाईला खिडकी मिळाली. पोट एवढं हलकं तिला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. उलट्या विणलेल्या काठाची खोट कुठे आणि ही कुठे! गुणानं सरकारी दगडाला हळदकुंकू वाहिलं होतं. ओल्या पायांनी. जयाबाई स्वतःशीच हसली, शेजारची बाई बघायला लागली तशी पदर तोंडाला लावून हसली. आता बोलायचंच नाही असं तिनं ठरवलं. दिवाळी होऊ दे, खरेदी होऊ दे, वास्तुशांत होऊ दे. मग एखाद्या पावसात पाणी चुलीत जाऊ दे. पाय सोडून बस म्हणावं तेव्हा.

हा आनंद तिला काही दिवस पुरला. पण आनंदाचं असं होतं, की तो ज्याच्या जिवावर होता ते माणूस भिंतीपलीकडेच राहत होतं. लेथची मशिनं एका सकाळी ट्रकमधून गेली. रवळू ट्रक वळेपर्यंत रस्त्यात उभा होता. मग गुणाची वाटणी घेणारा माणूस आला, त्यानं जयाबाईच्या देखत मधल्या भिंतीवर थापट्या मारल्या आणि म्हणाला, ही पाडून जाड भिंत घालणार. मग पलीकडून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळल्याचा आवाज यायला लागला. जयाबाई ऐकत बसली. जाड भिंतीपलीकडचं काही ऐकू येणार नव्हतं.

तशातच गुणा वास्तुशांतीच्या साडीवरचा ब्लाउज शिवायला घेऊन आली. भांडण असो, अबोला असो, गुणानं दुसऱ्या कुणाकडे कधी ब्लाउज शिवला नव्हता. जयाबाईला तिचं माप तोंडपाठ होतं. हात कापले, गळा केला, अस्तर लावलं, सगळं झालं. हुक लावायला बसली आणि हात चालेना. हा ब्लाउज घालून गुणा तळ्यातल्या घरात पूजेला बसणार. पाटावर बसून होमात तूप सोडणार, आणि त्या वेळी तिच्याकडे मच्छ्याचं घर नसेल, शेड नसेल आणि ते घरही तिचं नसेल. तिघं माणसं रस्त्यावर. जयाबाईला गुणाचं वाईट व्हायला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण एवढं नको होतं. जळायला समोर माणूस तरी उभं राहायला हवं ना!

ब्लाउज तसाच टाकून ती पलीकडे गेली. भांड्यांच्या पसाऱ्यात गुणा बसली होती.

"गुणा, त्या घराची खरेदी करू नगंस."

गुणानं मान वर केली नाही. "का?"

जयाबाईनं सांगितलं. दगड, शेरडू, गवताची पट्टी, बांध, वाळकं. एका दमात सगळं.

गुणानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "फ्रिज आणला, तुमी म्हणलासा दार भिंतीकडं. स्कूटर आणली, रंग विटणार. पोरीच्या साडीला नाव ठेवलासा, भर मांडवात. आता देवाला दगड म्हणायला लागलासा, आक्का? माजं कायसुद्धा बगवत न्हाय न्हवं तुमाला?"

"अगं, मी माज्या डोळ्यांनी बगून आलोय."

"तुमचं डोळंच तसलं हाईत."

जयाबाई परत आली. ज्योतिबाला सांगितलं तर तो म्हणाला, "गप ऱ्हा. दिवाळीच्या तोंडावर धाकट्याचं मन मोडू नगंस." म्हणजे यालाही पटलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रागानं रडूही नीट येईना. आयुष्यभर खरं बोलली होती. एकेक खोट खरी होती. आणि आज खरी खोट सांगितली तर नवराही ऐकत नाही. आपल्या शब्दाची एवढीच किंमत उरली आहे, हे तिला तेव्हा कळलं. आपण म्हणतो त्याच्या उलट करायचं, एवढाच त्याचा उपयोग.

उलट. जयाबाई डोळे पुसून उठली आणि तिनं गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुग्गीचा डबा घेऊन ती पलीकडे गेली. तोंडभर हसली. "गुणा, काल मी उगंच बोललो. मनावर घेऊ नगंस. घर लई झ्याक हाय. नाव ठेवायला जागाच न्हाय बग."

गुणानं डबा घेतला. झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. जावेकडे निरखून बघितलं.

"फरशी तेवढी तांबडी हाय," गुणा जपून म्हणाली.

"तांबडीच बरी. उठून दिसती."

"खिडक्या बारक्या वाटत्यात मला."

"छे गं. वारं बेताचं येतंय, त्येच चांगलं."

"आनि पडदं? आरोही पिवळं म्हणतीया."

पिवळे! जयाबाईची जीभ दातांपर्यंत आली, ती तिनं मोठ्या कष्टानं मागे ओढली. "पिवळं काय, कसलंबी लाव. तुजं घर. शोभंलच."

गुणाच्या तोंडावरचा रंग उडाला. जयाबाई घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसली. पलीकडून आधी डब्याचं झाकण वाजलं. मग गुणाचा आवाज, घाबरा. "अवो, ऐकलासा का? आक्कांनी फरशीला नाव ठेवलं न्हाय. पडद्यालाबी न्हाय. हुग्गी करून घालतीया! कायतरी हाय बगा त्या घरात. कालचं खरं असलं तर?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच रवळू तळ्यावर गेला. त्याला शेरडू दिसलं, भरमू दिसला, पाण्यात उतरणारा बांध दिसला. मग त्यानं सर्व्हे खात्यातला माणूस आणून मोजून घेतलं, तेव्हा कळलं की उताऱ्यातली जमीन खरोखर मोटारीच्या चाकांखाली संपते. शामू म्हणाला, "अवो, काठावरची समदीच घरं असली असत्यात, कोण इचारतंय?" रवळूनं त्याची कॉलर धरली. मग बरीच भांडणं झाली, वकील झाला, आणि संचकारातला थोडा भाग परत आला. लेथ गेली ती गेली, पण मच्छ्याची वाटणी वाचली. वाटणी घेणारा माणूस शिव्या देत निघून गेला आणि विटा वाचवलेली भिंत आहे तशीच राहिली.

आता गल्लीनं याचा काय अर्थ लावला म्हणता? जयाबाईची दृष्ट लागली!

बायकांनी सगळं जुळवून दाखवलं. घर बघायला गेली आणि नाव ठेवलं नाही, म्हणजे किती खोल जळली असेल. वर हुग्गी घातली. चांगलं ठरलेलं घर मोडलं. गुणानं दारात बसून मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असं सगळ्यांनाच माहीत असतं. त्या दिवशी वारं पश्चिमेचं होतं. सगळा धूर भिंतीवरून जयाबाईच्या घरात उतरला. ती पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी गाळत खोकत होती, आणि पलीकडे बायका म्हणत होत्या, "बगा बाई, जरासुद्धा ठसका न्हाय. लई मोठी लागलीती."

"जाऊन सांग की त्यास्नी, तूच वाचवलंस म्हणून," ज्योतिबा म्हणाला. त्याला आता पटलं होतं.

"कोण ऐकतंय?" जयाबाई खोकत म्हणाली. त्या हिवाळ्यात तिनं कुणाच्या साडीला नाव ठेवलं नाही. गुणाचा हुक न लावलेला ब्लाउज खुंटीला तसाच लटकत होता.

चैत्रात गुणा एकटीच तळ्यावर जाऊन आली. का गेली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी जयाबाईच्या दारात पिशवी ठेवली गेली. आत लांबट, हिरवी-पिवळी वाळकं, गाळाची माती अजून चिकटलेली. गुणा उंबऱ्याबाहेरच उभी.

"भरमूआप्पानं दिल्यात. म्हणालं, त्या टेपवाल्या बाईला द्या. देवाला शेरडू बांधलं म्हणून मला बोलली ती." गुणानं खाली बघितलं. "पाणी लई लांब गेलंय, आक्का. पायरीपास्नं चालत गेलो तरी पाय भिजंनात. अंगणाची भिंत खात्यानं पाडलीया. पडवीपतोर वेल आलाय."

जयाबाईनं वाळकाचा देठ मोडला, कडू आहे का चाखलं. नव्हतं. "ये आत," ती म्हणाली. "ब्लाउज घालून बग. बारीक झालीस."

कुणी कुणाची माफी मागितली नाही. जावांमध्ये तशी पद्धत नसते.

पुढे पाऊस झाला, तळं परत भरलं, आणि एका सकाळी गुणा नवी साडी नेसून जयाबाईच्या दारात आली. "आक्का, चला. दुसरं घर बगायचं हाय."

"मी कशाला?"

"नावं ठेवायला."

तेच तळं, समोरचा काठ. पण हे घर वर, टेकाडाच्या अंगाला. मच्छ्याची वाटणी न विकता, आरोहीच्या पगारावर कर्ज काढून घ्यायचं होतं. जयाबाई फाटकातून आत गेली नाही. आधी खाली उतरली, तळ्याचा दगड शोधला. बिनशेंदराचा, घरापासून पार खाली. तिथून घरापर्यंत पावलं टाकत आली. वाट बघितली, ती गाडीरस्त्याला थेट लागत होती, कुणाच्या शेतातून नव्हती. आरोहीला कन्नड कागद वाचायला लावले, एकेक ओळ. विकणाऱ्याच्या दोन्ही बहिणींच्या सह्या होत्या. बांधकामाची परवानगी होती. शेजाऱ्याला जाऊन विचारलं, उन्हाळ्यात बैलं कुठून उतरतात. ती पलीकडच्या बांधानं उतरत होती.

मग ती घरात शिरली. पडवी आधीच्या घरापेक्षा मोठी. फरशी काळी, गुळगुळीत. खिडकीतून सगळं तळं दिसत होतं, नुसता पायऱ्यांपुरता तुकडा नव्हे. परसात आंबा होता. गुणाची आता दोन घरं होणार होती. मच्छ्यातलं अर्धं आणि हे अख्खं. जयाबाईचं पोट दुखायला लागलं, आणि असं दुखलं की तिला चौकटीला धरून उभं राहावं लागलं. ती औषध शोधत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. न्हाणीचं दार खाली जरा घासत होतं. रंधा मारला की झालं असतं.

बाहेर रवळू, आरोही, विकणारा, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. गुणा कमरेला पदर खोचून उभी होती. तिच्या डोळ्यांत यावेळी राग नव्हता, संशयही नव्हता. ती नुसती वाट बघत होती. जयाबाईला एकदम कळलं की आता आपण नुसतं "न्हाणीचं दार" म्हटलं, तरी ही बाई काही न विचारता मोटारीत जाऊन बसेल. एवढं एक वाक्य. पोट लगेच हलकं होईल. खोटंही नाही.

"घेऊ, आक्का?" गुणानं विचारलं.

जयाबाईनं तळ्याकडे बघितलं. आंब्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं गुणाला हातानं दिलं ते शिवलेले ब्लाउज आणि ती एक हुग्गी, तीही डाव साधायला.

"घे," ती म्हणाली.

गुणा हसली नाही, रडली नाही. ती तशीच वळली आणि विकणाऱ्याला म्हणाली, "आमच्या आक्का घे म्हणाल्या. ठरलं." मग मागे बघून हाक मारली, "या की, पडवीत बसू जरा." जयाबाई "आलो, आलो" म्हणाली, आणि पोटावर हात दाबून पडवीच्या पायऱ्या चढली.